निपाणी-बेळगावची वाट आणि माझी पोटरी

पोटरी दुखणे हे काही कोणाला सांगावे असे दुखणे नव्हे. ताप आला तर घरचे माणूस कपाळावर हात ठेवते, खोकला झाला तर शेजारीण काढा घेऊन येते. परंतु पोटरी दुखते म्हटले की लोक म्हणतात, "चालला असाल जास्त." आणि रात्री दुखते म्हटले तर म्हणतात, "वय झाले आता." ही दोन उत्तरे मी गेली सहा वर्षे ऐकत आलो आहे. शाळामास्तरकीचा उत्तरार्ध मी याच पायांवर काढला. एखाद्या दिवशी कोसभर बिनतक्रार चालावे, तर दुसऱ्या दिवशी वेशीबाहेर पडतो न पडतो तोच दोन्ही पोटऱ्यांत ओले कापड पिळावे तसा पीळ पडावा. रात्री दोनच्या सुमारास जाग यावी, ती पहाटेपर्यंत. तेले झाली, लेप झाले, मिठाच्या पुरचुंडीचा शेक झाला. तीन डॉक्टरांनी तीन नावे दिली आणि त्यांतले एकही नाव टिकले नाही.

अशा पायांनी मी गेल्या वर्षी माघ महिन्यात गडहिंग्लजहून निपाणीस निघालो. निमित्त आमच्या आक्काचे होते. तिचा निरोप आला होता की, दाजी हल्ली कोठे म्हणून जात नाहीत. दोन लग्ने चुकवली, सणालाही आले नाहीत. ज्या मनुष्याने सबंध सीमाभाग सायकलीवर पालथा घातला, तो घराबाहेर पडत नाही, याचा अर्थ काय? जाऊन पाहावे म्हणून मी एस.टी.त बसलो.

संकेश्वरला गाडी बदलली. शेजारी एक वृद्ध बाई होत्या. मी पाय चोळताना पाहून त्यांनी "एनायतु?" असे विचारले. माझे कानडी बाजारापुरते आहे. मी नुसता हात पोटरीवर ठेवला. "मीनखंड नोवु," असे म्हणून त्यांनी मान हलवली. पलीकडच्या गृहस्थांनी अर्थ सांगितला. आपण ज्याला पोटरी म्हणतो त्याला कानडीत मीनखंड म्हणतात. मीन म्हणजे मासा. मला मोठी मौज वाटली. आपल्या पूर्वजांना पायाच्या मागे लहानसे पोट दिसले आणि त्यांच्या पूर्वजांना माशाचा तुकडा! सीमाप्रश्नावर १९५६ पासून किती कागद खर्ची पडला याची गणती नाही. पण पाय दुखू लागला म्हणजे दोन्ही भाषांचे लोक एकाच जागेवर हात ठेवतात.

कणगले मागे पडले, स्तवनिधीचे जैन क्षेत्र आले आणि तवंदीचा घाट उतरून गाडी निपाणीच्या सपाटीला लागली. ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांना त्याच्या वासाची कल्पना येणार नाही. हल्ली उसाने पुष्कळ रान व्यापले असले, तरी काळ्या जमिनीत अजून तंबाखू उभी राहते. शेंडा खुडलेली, फुटवे काढलेली, रुंद पानांची ती झाडे दुरून एखाद्या भाजीच्या मळ्यासारखी निष्पाप दिसतात. पुढे ती पाने उन्हात वाळतात, त्यांचा जर्दा होतो, तो वखारीत येतो, आणि मग त्याचा तिखट, घशात खवखवणारा वास गल्लोगल्ली भरून राहतो. नवख्या माणसाला ठसका लागतो. गावकऱ्यांस त्याची जाणीवही नसते.

या वासावर हजारो घरे जगली आहेत, हे विसरून चालणार नाही. वखारीत धुराळ्यात तंबाखू चाळणाऱ्या आणि घराच्या उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या मजुरीवर येथील कित्येक मुले शिकली. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी येथेच हमरस्ता अडवला होता आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी प्राणास मुकले. वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली, तिच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' नावाचा चित्रपट १९८२ मध्ये निघाला. तेव्हा तंबाखूला नावे ठेवणे सोपे आहे, परंतु निपाणीत उभे राहून ती ठेवताना जीभ जरा अडखळते.

आक्का दारातच बसली होती. तेंदूच्या भिजवलेल्या पानांची चवड एका बाजूस, कात्री दुसऱ्या बाजूस. माझ्याशी बोलता बोलता तिचे हात चाललेच होते: पान कापायचे, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचे, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचे. आतल्या खोलीतून दाजी आले. अंगाने बरेच वाळले होते, पण हसू तेच होते. "या मास्तर, या! चहा झाल्यावर बाजारात चक्कर टाकू," असे ते म्हणाले, तेव्हा मला वाटले की आक्काने उगीच काळजी केली.

बाजाराकडे निघालो. शंभरएक पावलांवर एका शिंप्याचे दुकान होते. दाजी तेथे थांबले आणि टांगलेल्या सदऱ्यांकडे मोठ्या रसिकतेने पाहू लागले. दोन मिनिटांनी निघाले. पुढे तेवढ्याच अंतरावर भांड्यांचे दुकान आले. तेथे घागरींची पाहणी झाली. मग एक चपलांचे दुकान. ज्या मनुष्याने आयुष्यात स्वतःचा सदरा स्वतः घेतला नाही, त्याला हा शोक केव्हापासून जडला, हे मला समजेना. मध्यंतरी माझ्याही पोटऱ्या बोलू लागल्या होत्या. मी एका कट्ट्यावर बसलो व पाय चोळू लागलो. दाजी उभेच राहिले. "तुम्ही बसत नाही?" असे मी विचारले. "बसायची गरज न्हाई. नुस्तं थांबलं की झालं," असे ते म्हणाले, आणि लगेच वाक्य गिळल्यासारखे करून दुसरा विषय काढला.

त्या वाक्याचा अर्थ मला त्याच रात्री कळला. दोनच्या सुमारास माझी नेहमीची जाग आली. उजव्या पोटरीत गोळा आला होता. मी उठलो, भिंतीला दोन्ही हात टेकले आणि टाच जमिनीला दाबून पाय ताणला. गोळा हळूहळू सुटला. तेवढ्यात अंधारात पलीकडे विडीचे लाल टोक दिसले. दाजी खाटेवर बसले होते. डावा पाय खाली लोंबकळत सोडलेला. "झोप नाही?" असे मी विचारले. "आडवं झालं की पाय जळतो," ते म्हणाले. "बोटांपासनं पोटरीपतूर. खाली सोडला की जरा बरं वाटतं. वरीस झालं, मी बसूनच झोपतोय." आमची कुजबुज ऐकून आक्का उठली, दिवा लावला, आणि भिंतीला टेकलेला भाऊ व खाटेवर पाय सोडून बसलेला नवरा यांच्याकडे आळीपाळीने पाहत म्हणाली, "अरं देवा! दोघांचं बी तेच, आणि दोघं बी गप्प!"

वाचकहो, पुरुषमंडळींची ही एक जुनी खोड आहे. दाजींना वाटे की दुखणे सांगितले तर विडी सुटेल. मला वाटे की सांगितले तर लोक हसतील. आक्काने त्या रात्री दोघांच्याही मताला किंमत दिली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही तिघे बेळगावच्या गाडीत बसलो होतो.

निपाणी ते बेळगाव हा रस्ता सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, मग वंटमुरीचा घाट, त्यापुढे कित्तूरच्या राणी चन्नम्माचे माहेर असलेले काकती, आणि मग किल्ल्याचा खंदक दिसला की बेळगाव आले. सरकारदप्तरी २०१४ पासून ते बेळगावी आहे. आमच्या तोंडात मात्र बेळगावच बसले आहे. एस.टी.स्थानकापासून किल्ला आणि तलाव हाकेच्या अंतरावर. एरवी मी कमलबस्ती दाखवल्यावाचून पाहुण्यास सोडत नाही. त्या दिवशी रिक्षा केली आणि सरळ रुग्णालय गाठले.

डॉक्टर वयाने तरुण होते, पण घाईत नव्हते. त्यांनी आधी यंत्र पुढे केले नाही, प्रश्न विचारले. किती चालल्यावर दुखते? नेहमी तेवढ्यावरच, की आज एवढे व उद्या तेवढे? थांबल्याबरोबर जाते, की बसावे लागते? रात्री पाय खाली सोडल्याने बरे वाटते, की ताणल्याने? दाजींची उत्तरे घड्याळासारखी नेमकी होती. शिंप्याचे दुकान आले की दुखते. उभे राहिले की दोन मिनिटांत जाते. पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा दुखते. माझी उत्तरे मात्र माझ्या वर्गातील शेवटच्या बाकासारखी होती. कधी लवकर, कधी उशिरा, कधी मुळीच नाही.

मग त्यांनी आम्हा दोघांच्या पायांतील नाड्या बोटांनी चाचपल्या. जांघेत, गुडघ्याच्या मागे, घोट्याच्या आतल्या बाजूस आणि पावलाच्या वर. हाताच्या मनगटात नाडी असते हे आपल्याला ठाऊक. पायात ती चार ठिकाणी लागते हे मला साठाव्या वर्षी समजले. नंतर दंडावर पट्टा बांधून रक्तदाब घेतला, तसाच घोट्याजवळ घेतला, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागले. हे गणित चौथीच्या मुलास येईल असे आहे. उत्तर एकाच्या आसपास आले तर ठीक, ०.९ किंवा त्याहून कमी आले तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असे समजावे. माझे दोन्ही पायांचे उत्तर १.१ आले. दाजींच्या डाव्या पायाचे ०.४ आले.

याचा उलगडा त्यांनी फार सोप्या शब्दांत केला. मळ्याच्या पाटात गाळ साचला तर बसल्या जागी पिकाला पाणी पुरते; पण ऊन वाढले की शेवटचा वाफा आधी सुकतो. चालताना पोटरीच्या स्नायूला विश्रांतीच्या कितीतरी पट रक्त लागते. मांडीतील धमनी अरुंद झाली असेल तर ते पोचत नाही आणि पोटरी ओरडते. थांबले की मागणी कमी होते व दुखणे शमते. म्हणून अंतर ठरलेले. रोग वाढला की निजल्या जागीही रक्त पुरत नाही. पाय खाटेखाली सोडला म्हणजे उताराने थोडे अधिक उतरते, एवढेच. "हे रात्रीचे दुखणे सुरू झाले की पाय धोक्यात आहे असे धरायचे," असे डॉक्टर म्हणाले, आणि आक्काने पदर तोंडाला लावला.

हा रोग प्रथम ओळखला गेला तो घोड्यात, हे ऐकून शेतकरी वाचकांस नवल वाटेल. १८३१ साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने एका घोड्याची हकीकत लिहिली. तो थोडे धावल्यावर लंगडे, थांबवला की बरा होई. त्याच्या पायाच्या धमन्या बंद झालेल्या आढळल्या. मनुष्यात तीच गोष्ट शार्को या वैद्याने १८५८ मध्ये दाखवली. वैद्यकातील त्याचे नाव लंगडणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. प्रेषितांच्या कृत्यांत ज्याचा उल्लेख येतो त्या क्लौद्य कैसराचे कुळनावही त्याच शब्दाचे भावंड, आणि तो कैसर खरोखरच लंगडत असे. जर्मन लोक मात्र याला दुकानाच्या खिडक्यांचा आजार म्हणतात. कारण दुखू लागले की रोगी लाजेने दुकानातल्या वस्तू पाहण्याचे सोंग करतो. हे ऐकताच मी दाजींकडे पाहिले. ते छताकडे पाहत होते.

"विड्या किती?" डॉक्टरांनी विचारले. "दोन बंडलं. पण विडीच हो, शिग्रेट न्हाई," असे दाजी म्हणाले. हा समज आपल्याकडे सार्वत्रिक आहे. विडी लहान, पानात गुंडाळलेली, म्हणून ती सौम्य, असे आपण धरून चालतो. वस्तुतः तिच्या धुरातून निकोटीन व विषारी वायू सिगारेटहून कमी मिळत नाहीत. ती विझू नये म्हणून झुरकेही अधिक ओढावे लागतात. तंबाखूने धमन्यांचे अस्तर बिघडते आणि त्यांत थर साचतात. तरुणांत तर याहून वाईट प्रकार आढळतो. ऐन तिशी-चाळिशीत हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून गुठळ्यांनी बंद होतात व बोटे काळी पडतात. न्यूयॉर्कच्या बुर्गर या डॉक्टरने १९०८ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला बुर्गरचा रोग म्हणतात. तो जवळजवळ तंबाखू सेवन करणाऱ्यांनाच होतो, आणि आपल्या देशातील गरीब विडीबाजांत तो डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्याला थोपवणारा खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्णपणे सोडणे. दिवसाला एक-दोन चालतील, अशी तडजोड तेथे चालत नाही.

डॉक्टरांनी मग आक्काला विचारले, "तुम्ही मशेरी लावता का?" आक्का खिडकीबाहेर पाहू लागली.

आणखी एक गोष्ट तिला फार लागली. वर्षभर ती दाजींच्या पायाला गरम विटेचा शेक देत होती, तेही मायेने. रक्त कमी पोचणाऱ्या पायाला चटका लवकर बसतो, कळत नाही, आणि झालेली जखम भरत नाही. शेक बंद, अनवाणी चालणे बंद, रोज रात्री बोटांच्या बेचक्यांत पाहायचे, असे तिला बजावण्यात आले. पाय एकाएकी थंड व पांढरा पडला, बोट काळे पडले, जखम भरेनाशी झाली, किंवा एकच पोटरी सुजून गरम झाली, तर उद्याची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. यांतले शेवटचे लक्षण शिरेत गुठळी झाल्याचे असू शकते. ते विडी न ओढणाऱ्यासही होते.

दाजींना ठेवून घेतले. रंगद्रव्य सोडून धमनीचे चित्र काढले, आणि बारीकशा फुग्याने अरुंद जागा रुंद केली. त्या चार दिवसांत मी टिळकवाडीत एका जुन्या विद्यार्थ्याकडे उतरलो होतो. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जाई. याच परिसरात १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली होती. त्यांनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकच अधिवेशन. पहिल्या फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत काँग्रेस रोडने मी एका दिवशी न थांबता गेलो. दुसऱ्या दिवशी निम्म्यातच बसलो. माझ्याही तपासण्या चालल्या होत्या. साखर, थायरॉईड, क्षार, जीवनसत्त्वे. शिरांची ध्वनिलहरींनी तपासणी. कंबरेचा एमआरआय, कारण मणक्यातील वाट अरुंद झाली तरी चालताना पोटऱ्या दुखतात. घेत असलेल्या गोळ्यांची यादीही पाहिली. लघवी वाढवणाऱ्या काही औषधांनी पेटके येतात. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मास्तर, भिण्यासारखे काही नाही. मणक्यात थोडी झीज आहे, पण ती तुमच्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसांतही असते. रात्री गोळे येणाऱ्या बहुतेकांत कारण सापडत नाही."

खरे सांगायचे तर मला आनंद व्हायला हवा होता. परंतु क्षणभर दाजींचा हेवा वाटला. त्यांच्या दुखण्याला नाव होते, आकडा होता, चित्र होते. माझ्या सहा वर्षांच्या रात्रींना "सापडत नाही" एवढाच शेरा मिळाला. असा विचार मनात आला आणि त्याच वेळी समोरच्या खाटेवर दाजींचा पट्टीत गुंडाळलेला पाय दिसला. मला माझीच लाज वाटली. तरी विचार आला होता, हे मी लपवीत नाही. ज्यांच्या दुखण्याला नाव नाही त्यांना तो ओळखीचा वाटेल.

मला औषध फारसे मिळाले नाही. निजण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, गोळा आला तर पावलाची बोटे नडगीकडे ओढायची, चालणे सोडायचे नाही. पूर्वी अशा गोळ्यांवर क्विनीन देत. त्याचे दुष्परिणाम जिवावर बेतू शकतात म्हणून आता ते देऊ नये असे ठरले आहे. कोणी जुनी चिठ्ठी जपून ठेवली असेल तर ती वापरू नये. दाजींना मात्र गोळ्यांबरोबर एक विलक्षण औषध मिळाले, ते म्हणजे चालणे. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे; आठवड्यातून निदान तीन वेळा, अर्धा-पाऊण तास, आणि हे महिनोन्महिने. फुग्याने मोठी वाट मोकळी केली तरी हे चुकत नाही. सरावाने स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात अधिक काम करायला शिकतो.

परतीच्या गाडीत कुंद्याचा पुडा आक्काच्या मांडीवर होता. वंटमुरीच्या घाटात दाजींनी सवयीने खिशाकडे हात नेला आणि रिकामाच काढला. आक्काने पाहिले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ती खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "मी वळते त्या समद्या दुसऱ्याच्या घरात जात्यात, आसं मला वाटायचं." दाजी काही बोलले नाहीत. मलाही उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. तिने विड्या वळणे सोडलेले नाही. सोडून काय करावे, हे तिला कोणी सांगितलेले नाही.

या गोष्टीला वर्ष होऊन गेले. पहिल्या महिन्यात दाजींनी दोनदा चोरून विडी ओढली, दोनदा पकडले गेले. त्यानंतर ओढली नाही, असे आक्का म्हणते, आणि तिच्या नाकावर माझा विश्वास आहे. शिंप्याचे दुकान आता मागे पडते. मी एक वही घातली आहे; तीत तारीख, चाललेले अंतर आणि रात्रीची वेळ लिहितो. सबंध वही वाचूनही मला त्यात नियम सापडला नाही. दोन वाजता मी उठतो, भिंतीला हात टेकतो, टाच दाबतो. एक फरक पडला आहे: आता घरच्यांना हे माहीत आहे, आणि कधी कधी कोणी उठून पाणी आणून देते.

परवा आक्काचा फोन आला. दाजी मंडईपर्यंत न थांबता गेले आणि येताना स्वतःसाठी एक सदरा घेऊन आले. रात्री आडवे होऊन झोपतात का, असे मी विचारले.

"झोपत्यात की," ती म्हणाली. "घोरत्यात इतकं, की आता मलाच झोप न्हाई."